खंडेनवमीला लोखंडी युद्धनौकेवर

मला स्वस्थ बसता येत नाही, आणि अपराधी वाटायला लागलं की मी माणसांना फिरायला नेते. म्हणून त्या रविवारी बाबांना गाडीत घालून नॉटिंगहॅमहून पोर्टस्मथला दीडशे वर्षांपूर्वीची लोखंडी युद्धनौका बघायला निघाले. तीन तास ड्राइव्ह करताना डोक्यात हॉस्पिटलच्या ड्यूट्यांचा रोटा फिरत होता.

बाबा मुंबईच्या गोदीत फिटर होते. दर खंडेनवमीला डोंबिवलीच्या घरी ते हत्यारांची पेटी उघडून पूजा करतात. यंदाही त्याआधी त्यांनी भारतात परत जायचं ठरलं होतं. मी तिकीट दोनदा पुढे ढकललं आणि 'फ्लाइट्स फुल आहेत' असं ठोकून दिलं. खरं कारण एवढंच, की सप्टेंबरपासून माझ्या लेकीला शाळेतून आणायला कुणीतरी हवं होतं. आता नवमी उजाडली होती आणि बाबा इथेच होते.

नौकेवर पाऊल ठेवल्यापासून त्यांनी म्हाताऱ्या गाइडला सोडलं नाही. लोखंडी पत्र्यांच्या मागे दीड फूट सागवान आहे हे ऐकून ते खूश झाले. नौका नुसत्या शिडांवर चालवताना पाण्यातला पंखा वर ओढून घ्यायचे आणि त्याला शेकडो माणसं लागायची, हे मात्र त्यांना पटेना. मी घड्याळ बघत मागे मागे.

इंजिनापाशी त्यांनी खिशातून पुडी काढली, हात जोडले आणि लोखंडाला हळदीकुंकवाचं बोट लावलं.

"बाबा, प्लीज! हे म्युझियम आहे, असं अलाउड नाहीये!" मी जवळजवळ ओरडलेच. शरमेने कान तापले. गाइड मात्र हसला. म्हणाला, हे मॉडेल आहे, मूळ इंजिन कधीच भंगारात गेलं.

"लढाया किती केल्या हिने?" बाबांनी विचारलं.

एकही नाही, गाइडने सांगितलं. दहाएक वर्षांतच ती जुनी ठरली. पुढे पन्नास वर्षं तिचा तेल भरायचा धक्का केला होता. बाकीच्या बोटी येऊन तिला टेकायच्या, तेल घ्यायच्या आणि निघून जायच्या.

"मग सोडली का नाही तिला?"

"उपयोगी होती ना," गाइड म्हणाला.

चोराच्या मनात चांदणं! मला तिथे उभंच राहवेना. कार पार्कात पोचताच बोलून टाकलं, "बाबा, फ्लाइट्स फुल नव्हत्या."

"माहीत आहे," ते रुमालाला बोट पुसत म्हणाले. "तुझी ओढाताण दिसत होती, म्हणून गप्प बसलो. पण रोज तीन वाजता त्या शाळेच्या गेटपाशी उभा राहतो ना, तेव्हा खिशात डोंबिवलीची किल्ली चाचपत असतो गं."

मला रडू आलं, आणि स्वतःचा रागही. तिथेच फोन काढून मंगळवार रात्रीचं तिकीट शोधलं. बाबांनी चष्मा लावून तारीख दोनदा वाचली.

"मग बुधवारी पोरीला कोण आणणार?" त्यांनी विचारलं.

मी तिकीट बुक करायचं बटण दाबलं.