आधी तांब्या, मग ख्यालीखुशाली

नव्वदीच्या सुरुवातीला मानवतच्या जिनिंगवर कापसाच्या दोन वजनकाट्यांना मी कॉम्प्युटर जोडला, आणि पहिल्याच दिवशी फजिती! दोन्ही काट्यांवर गाड्या एकदम आल्या की एकीचं वजन गायब. मॅनेजर म्हणाला, "बाई, उद्या एक जरी गाडी हुकली तर हे खोकं परत." खोक्याबरोबर माझी नोकरीही गेली असती, आणि पेडगावात माझ्या वडलांना, आबांना "पोरीला शिकवून काय मिळालं?" हे जन्मभर ऐकावं लागलं असतं.

वजन तयार झालं की काटा कॉम्प्युटरला हाक मारतो, हातातलं काम थांबवायला लावतो. त्या हाकेला इंटरप्ट म्हणतात. ती ऐकणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, मीच लिहिला होता. तो प्रत्येक हाकेला तिथल्या तिथं हिशेब करी, पावती छापी, मगच सुटे. तेवढ्यात दुसऱ्या काट्याची हाक वाया जाई. पण तेव्हा ही चूक काही केल्या मला दिसेना.

संध्याकाळी घरी चिडून भाकरी थापत होते. काकू आल्या. मी उठले आणि उंबऱ्यातच त्यांच्या लेकीच्या बाळंतपणाची चौकशी करायला लागले. मागं मामा येऊन ताटकळले, तव्यावर भाकरीचा कोळसा झाला. माय कडाडली, "अगं, काय करायलीस? आधी तांब्या दे, बसव त्यास्नी! ख्यालीखुशाली भाकर उतरल्यावर. येवढं शिकलीस आन् येवढंबी कळंना व्हय?"

तांब्या हातात धरून मी तशीच उभी. अरे देवा, ड्रायव्हरलाही मी उंबऱ्यातच गप्पा मारायला लावलं होतं!

सकाळी सगळं बदललं. हाक आली की फक्त आकडे उचलायचे, रांगेत बसवायचे आणि सुटायचं. हिशेब आणि छपाई मागून, सवडीनं. दुपारी गाड्यांची झुंबड उडाली. दोन्ही काटे एकदम हाका मारत होते आणि ते खोकं कुणालाच विसरत नव्हतं. मीच लिहिलेलं, तरी मला खरं वाटेना. लय नवल वाटलं, डोळे भरून आले.

मग आबांची बैलगाडी काट्यावर चढली, त्याच क्षणी शेजारच्या काट्यावर ट्रॅक्टर. ट्रॅक्टरची पावती आली. आबांची येईना. मॅनेजर माझ्याकडं बघायला लागला.

प्रिंटर खरखरला.

आबांनी पावती उलटसुलट करून पाहिली. "उशिरा आली, पण हुकली न्हाई," ते म्हणाले. मग रांगेतल्या गाववाल्यांकडं वळून ओरडले, "माझ्या पोरीनं केलंय हे!"

इतक्या मोठ्यानं बोलताना मी त्यांना कधीच ऐकलं नव्हतं.