कण्हायची जागा

नागभीडला जाणाऱ्या सकाळच्या एसटीत तो एकदाच भेटला. झाडीपट्टीतला नट, रात्रभर नाटक करून घरी निघालेला. कानामागे पांढरा रंग तसाच राहिला होता.

मी सरकून जागा दिली, तर म्हणाला, "नाई बाई, बसलो का उठणं होत नाई." दांडी धरून तो उभाच राहिला. खड्डा आला की डावी टाच उचलायचा आणि ओठ घट्ट मिटायचा. आवाज मात्र काढायचा नाही. मी तर डोकं दुखलं तरी शाळाभर सांगत फिरते.

"कंबर बारा वर्षांपासून दुखून राह्यली," तो म्हणाला. "आधी स्टेजवर लपवत होतो. आता म्हाताऱ्या बापाचा पार्ट करतो, अन् तिथं तिले मोकळी सोडतो. घरी कण्हलो का बायको रडते. स्टेजवर कण्हलो का लोक वन्स मोअर मांगतात."

त्याचं गाव आलं. पायरी उतरताना कंबरेत उसण भरली असावी. "माय वं!" म्हणत तो दाराला लटकलाच. मी घाबरून उठले. पण मागच्या बाकांवर तेच नाटक पाहून परतणारी माणसं होती. ती हसली.

"वन्स मोअर!" कोणीतरी ओरडलं. कंडक्टरनंही टाळी वाजवली.

खाली उतरून तो आमच्याकडे वळला. चेहरा पार उतरलेला. कंबरेवर हात ठेवून पुन्हा एकदा कण्हला, अगदी तसाच.

टाळ्या आणखी मोठ्या पडल्या. गाडी सुटली, तरी त्याचा हात कंबरेवरून निघाला नव्हता.