तात्यांच्या संगणकाचे सदतीस आजार

देवणीच्या तात्यांना फसवलं ते पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी. वेळ पक्की आहे, कारण खुद्द तात्यांनीच ती वहीत टिपून ठेवली होती. ज्याला गंडवलं त्यानेच गुन्ह्याची वेळ लिहून ठेवली आणि गुन्हा झालाय हे मात्र त्याला दोन महिने कळलं नाही, असं हे प्रकरण आहे.

तात्या म्हणजे माझ्या आईचे मामा. पशुधन पर्यवेक्षक म्हणून रिटायर झाले, पण तालुक्यात सगळे त्यांना ढोरडॉक्टरच म्हणायचे. आजार कधी सुरू झाला हे लिहून घेतल्याशिवाय ते औषधाला हात लावत नसत. ही सवय घरातही होती. मामींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, शिंक आली की तात्यांची नजर आधी घड्याळाकडे जायची. "कानात बिल्ला मारायचा तेवढा ऱ्हायलाय माझ्या," असं मामी म्हणायच्या.

रिटायर झाल्यावर त्यांनी एकच काम धरलं होतं. देवणी जातीच्या गाईंची वंशावळ. कुणाची कालवड, कोणत्या वळूची, तिची आई कोणाच्या दावणीला होती, आजी कोणाच्या. नोकरीत सायकलवर गावोगाव फिरून भरलेल्या वह्या होत्या. मुलाने, सुधीरमामाने, पुण्याहून आपला जुना संगणक आणून दिला आणि तात्या एका बोटाने त्या वह्या टाइप करायला लागले. टाइप झालेली वही माळ्यावर जायची. माळ्यावर वाळवी होती. हे लक्षात आलं तेव्हा वह्यांचे पुठ्ठे तेवढे उरले होते. म्हणजे आता तात्यांचं सगळं आयुष्य त्या एका डब्यात होतं, आणि नेमका त्याच डब्यात चोर शिरला.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तात्या कुठल्या तरी बैलबाजाराचे फोटो बघत होते. पडद्यावर लाल खिडकी उघडली. 'तुमच्या संगणकात ३७ गंभीर धोके आढळले आहेत. ताबडतोब उपचार करा.' खाली ढालीचं चित्र. तात्यांनी उपचाराचं बटण दाबलं. एक व्हायरसविरोधी प्रोग्राम आपणहून आत येऊन बसला. त्याचं नाव मी लिहिणार नाही, असल्यांचं नाव लिहिलं की फुकट जाहिरात होते. तो रोज सकाळी सांगायचा की आजार बळावलाय, फी भरा, नाहीतर सगळ्या फाइली जातील.

फी तात्यांनी भरली नाही. "आजार सांगतोय ते चांगलं हाय, पर दारात उभं ऱ्हाऊन पैसे मागणं शोभत न्हाई त्याला," एवढीच त्यांची तक्रार. बाकी मात्र त्यांनी साथीचे सगळे नियम पाळले. आजारी दावणीतून काही बाहेर जाऊ द्यायचं नाही, म्हणून वंशावळीचे कागद छापणं बंद केलं. निलंग्याकडचा एक शेतकरी गोऱ्ह्याची वंशावळ मागायला दोनदा आला. प्रदर्शनात त्या कागदाशिवाय गोऱ्ह्याला उभं करत नाहीत. तात्यांनी दोन्ही वेळा त्याला चहा पाजून परत पाठवलं. आणि संगणकाच्या खोलीच्या उंबऱ्यावर चुन्याची रेघ ओढली.

दिवाळीनंतरच्या रविवारी मी देवणीला गेले तेव्हा पहिल्यांदा ती रेघ दिसली.

"तात्या, हे काय?"

"मला कळतंय गं, हा आजार चुन्यानं थांबायचा न्हाई. पर हाताला सवय हाय."

"मी रोज पुसायले, हे रोज वडायलेत," मामी आतून म्हणाल्या. "संगणकाला लाळ्या-खुरकूत झाल्यावानी."

इथे माझा गुन्हा कबूल करते. तात्यांनी मला मधल्या काळात तीनदा फोन केला होता. तिन्ही वेळा मी 'कामात आहे, नंतर करते' म्हणून ठेवला. काम काय होतं? लातूरच्या बसस्टँडवर उभी राहून आमच्या ग्राहक संघटनेची पत्रकं वाटत होते. पत्रकाचं शीर्षक होतं 'ज्येष्ठांनो, ऑनलाइन भामट्यांपासून सावध!' सात मुद्दे, ठळक अक्षरात. मसुदा माझाच.

"सुधीरमामाला का नाही सांगितलं?"

तात्या चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "मागं एकदा फोटो उडाले माझ्याकडून. तवा म्हणला, तात्या, तुम्ही हात लावत जाऊ नका. आता हे सांगितलं तर डबाच घिऊन जाईल की. मग ऱ्हायलेली गावं कवा लिहू?"

मला संताप आला. भामट्यांचा आला, सुधीरमामाचा आला, स्वतःचाही आला असावा. मी बाह्या सरसावून म्हटलं, "हे खोटं आहे, तात्या. आत्ता काढून टाकते."

"थांब!" तात्या चक्क माझ्या आणि संगणकाच्या मध्ये उभे राहिले. "आजार सांगणाऱ्याला हाकलत नसतेत."

मग मला कळलं की माझी लढाई भामट्याशी नव्हती, तात्यांच्या अख्ख्या नोकरीशी होती. चौतीस वर्षं त्यांनी लोकांना हात जोडून एकच विनवणी केली होती: जनावर आजारी पडलं की लपवू नका, लगेच सांगा. लोक लपवायचे. फऱ्या रोगाने एक बैल जायचा, मग गोठाच जायचा. आणि आता पहिल्यांदा कुणीतरी न विचारता, रोज सकाळी वेळेवर, आजार सांगत होतं. त्याला हा माणूस हाकलणार कसा?

मी पत्रक काढून सातही मुद्दे वाचून दाखवले. तात्यांनी प्रत्येक मुद्द्याला "बराबर, बराबर" म्हणत मान हलवली आणि जागचे हलले नाहीत. मामी हसायला लागल्या. "आसंच ऐकायचे बगा लोक ह्यांचं भाषण. मान डोलवायचे, अन् लस टोचायच्या दिशी ढोरं रानात हाकलायचे."

शेवटी मी म्हटलं, निदान वंशावळ दुसरीकडे उतरवून तरी ठेवू. याला त्यांची हरकत नव्हती. मी नवा पेनड्राइव्ह आणला होता, पाकिटातला. पाकीट तात्यांनीच विळीवर कापलं. पेनड्राइव्ह लावला मात्र, लाल खिडकी टपकन वर आली. 'जोडलेल्या उपकरणात ९ गंभीर धोके आढळले.'

तात्या पुढे वाकले. "ह्याच्यात काय हाय?"

"काही नाही. कोरा आहे."

"काईच न्हाई? येक फाईलबी न्हाई?"

"तुम्हीच तर पाकीट फोडलं."

तात्या खुर्चीत बसले. मग हळूच म्हणाले, "म्हंजे दावणीला जनावरच न्हाई, अन् ह्यानं नऊ रोग लिहिले."

त्यांच्या नोकरीत एक साहेब होते. गावात यायचे, लिंबाखाली खाट टाकायचे आणि एकाही जनावराला हात न लावता शंभर जनावरांची तपासणी कागदावर उतरवून निघून जायचे. तात्या आयुष्यात कुणाला शिवी देत नसत, त्या साहेबाची आठवण निघाली की मात्र देत. ती शिवी त्या दिवशी संगणकाने खाल्ली. मामींनी कानावर पदर घेतला, पण चेहरा खूश होता.

"काढ त्याला," तात्या गरजले. "आत्ताच्या आत्ता!"

आधी नेटची वायर काढली. वंशावळ पेनड्राइव्हवर उतरवली. मग प्रोग्राम काढायला घेतला. तो सहजासहजी जातोय होय! 'तुम्ही असुरक्षित व्हाल', 'पुन्हा विचार करा', 'खरोखर निरोप घ्यायचा?' असं प्रत्येक पायरीला त्याने रडगाणं लावलं आणि 'राहू द्या' हे बटण हिरवंगार, 'काढा' मात्र पुसट राखाडी. तात्या पाठीमागे उभे राहून प्रत्येक प्रश्नाला मोठ्याने उत्तर देत होते. "व्हय! खरोखर! निघ!"

"झालं," मी म्हणाले.

"तोंड बघितलंस का?"

"कशाचं तोंड?"

"गोचीड उपटला की आंग हातात येतं, तोंड आत ऱ्हातं. मग तितंच चिघळतं."

मी पत्रकं लिहिणारी बाई. मी हसले आणि म्हणाले, गेलं समूळ.

सोमवारी सकाळी नेट जोडलं, चहा हातात होता, आणि कोपऱ्यात लाल चौकट हजर. तात्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. वहीत लिहिलं: 'सात चाळीस. लक्षणे पुन्हा.' एवढा अपमान भामट्यांच्या तक्रारी घेऊन जाते त्या पोलीस ठाण्यातही माझा कधी झाला नाही. मग शोधलं तेव्हा सापडलं. पहिल्या दिवशी तात्यांनी दाबलेल्या कुठल्याशा 'परवानगी द्या'मुळे ब्राउझरच रोज त्या भामट्याचे निरोप आणून देत होता. ती परवानगी रद्द केली. संगणक सुरू होताना आपोआप उठणाऱ्यांच्या यादीतही त्याचं एक पिल्लू दडलं होतं, ते काढलं. संगणकात आधीपासून असलेल्या खऱ्या व्हायरस-तपासणी यंत्रणेला पूर्ण पाहणी करायला लावली. तिला दोन तास लागले. तात्या समाधानाने म्हणाले, "हे खरं. वेळ लागायलाय म्हंजे आंगाला हात लावून बघायलाय." तीन दिवस त्यांनी मला लातूरला जाऊ दिलं नाही. निगराणीचा काळ पुरा करावा लागतो म्हणाले.

चौथ्या दिवशी निलंग्याचा गोऱ्हा कागदासह प्रदर्शनाला गेला. नंबर आला नाही. "कागद खरा हाय, त्येवढं बास," तात्या म्हणाले आणि पुढच्या गावाच्या नोंदीला बसले. शेवटचं गाव माघात संपलं. पुढच्या उन्हाळ्यात तात्या गेले. दहाव्याला आलेले लोक बोलून झालं तरी उठेनात. मग एकाने मान खाली घालूनच विचारलं, "आमची गाय याली परवा, कालवड झाली. आता कुणाला सांगावं?" सुधीरमामा उठून आत गेला. आतून नाक शिंकरल्याचा आवाज आला. मग त्यानेच येऊन संगणक सुरू केला आणि मला म्हणाला, "लिहून घे."

आता महिन्यातून दोन रविवार मी देवणीला असते. आमचं पत्रक मी फाडलं. सात मुद्दे छापणं सोपं असतं, तीन फोन उचलणं जमलं नव्हतं मला. भामट्यांवर तक्रारी करायच्याच, त्या मी करतेच आहे. पण दोन महिने तात्यांना गप्प बसवलं ते त्या लाल खिडकीने एकटीने नाही. 'तुम्हाला कळत नाही, हात लावू नका' या आपल्या वाक्याने बसवलं.

म्हणून तुम्हाला सांगते. हे वाचताय ना? खाली ठेवा. आई, बाप, आजोबा, शेजारचे गुरुजी, ज्यांच्या घरात संगणक नाहीतर मोबाइल आहे त्यांना आत्ता फोन लावा. पडद्यावर काय काय येतंय ते विचारा. त्यांचं सगळं सांगून होईपर्यंत ऐका, आणि ओरडू नका.