मागणं नसलेली वंदना

आमच्या गावापासून शिर्डी फार लांब नाही. त्यामुळे ‘मला अनुभव आला’ असं सांगणारी माणसं मी लहानपणापासून पाहत आले आहे. बसमध्ये शेजारी बसणारी मैत्रीणसुद्धा सहज सांगून जाते की बाबांनी तिच्या भावाला वाचवलं. मी ऐकून घेते. आमचं घर बौद्ध. आजोबांच्या पिढीने देव्हाऱ्यातले देव नदीत सोडले आणि दीक्षा घेतली. आमच्याकडे नवस नाही, अंगारा नाही, कौल नाही. विहारात मेणबत्ती लावायची, त्रिशरण-पंचशील म्हणायचं आणि घरी यायचं. मग आमच्यासारख्यांनी अनुभव सांगायचा तर कुणाच्या नावाने सांगायचा, हे मला अजून नीट कळलेलं नाही. तरी लिहिते आहे, कारण आई म्हणाली, लिही.

आषाढी पौर्णिमेला वर्षावास, म्हणजे पावसाळ्यातले तीन महिने, सुरू झाला की आमच्या वस्तीतल्या विहारात रोज संध्याकाळी धम्मग्रंथाचं वाचन असतं. वस्तीतून कॉलेजला जाणारी मी पहिलीच, म्हणून वाचनाचं काम माझ्याकडे आलं. सिद्धार्थाने घर कसं सोडलं, पिंपळाखाली तो कसा बसून राहिला, सारनाथला जुन्या पाच सोबत्यांना त्याने पहिला उपदेश काय केला, हे सगळं मी वाचून दाखवायचे. दुःख आहे, दुःखाला कारण आहे, ते थांबू शकतं आणि थांबवण्याचा मार्ग आहे. हे मी स्वच्छ आवाजात, न अडखळता वाचायचे. परीक्षेत विचारलं असतं तर पूर्ण मार्क मिळाले असते.

भाद्रपदात आई उसात खुरपायला गेली आणि तिला घोणस चावली. तालुक्याच्या दवाखान्यात इंजेक्शनं दिली आणि तिथून नगरला मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिची लघवी बंद झाली होती. किडन्या काम करत नाहीत, डायलिसिस करतोय, पण पुढचं आत्ता सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. पप्पा औषधांसाठी जिने चढत-उतरत होते. मी आयसीयूबाहेरच्या फरशीवर बसून होते.

तिथे बसून मी डोळे मिटून वंदना सुरू केली. बुद्धाला, धम्माला आणि संघाला शरण जातो, हे तीन वेळा म्हणायचं असतं. पहिल्यांदा म्हटलं. दुसऱ्यांदा म्हणताना मध्येच माझ्या मनातून आलं, आई वाचू दे, मी वर्षभर प्रत्येक पौर्णिमेला उपवास धरीन. आणि मी थांबले. मी बुद्धाला नवस बोलले होते. ज्याने सांगितलं की मी मोक्ष देणारा नाही, फक्त वाट दाखवणारा आहे, त्याच्याशीच मी देण्याघेण्याचं बोलत होते. पुढचे शब्द तोंडातून निघेनात. त्यानंतर जितक्या वेळा सुरू केलं तितक्या वेळा त्याच जागी तेच मागणं यायचं, आणि वंदना अर्धी राहायची.

माझ्या शेजारी पाथर्डीकडच्या एक मावशी बसायच्या. त्यांच्या मालकांच्या मेंदूत रक्त साठलं होतं, तेही आतच होते. मुलगा सुप्याला कंपनीत, रजा मिळेल तसा यायचा. मावशींनी पिशवीतून उदीची पुडी काढली.

“घे पोरी, लाव. आत गेल्यावर आईला बी लाव.”

“मावशी, आमच्यात नाही लावत.”

त्या दुखावतील असं वाटलं. त्यांनी पुडी मिटून परत ठेवली. “ऱ्हाऊ दे. मंग तुमच्यात काय लावत्यात?”

“काहीच नाही.”

“मंग तुमचा देव देतो तरी काय?”

“आम्ही देव नाही म्हणत त्याला. आणि देत काहीच नाही.”

“आमच्या थोरल्या दिरासारखाच हाय की,” मावशी म्हणाल्या. नगरला आल्यापासून मी पहिल्यांदाच हसले. त्याही हसल्या, मग गंभीर होऊन विचारलं, “मंग जाता कशाला त्याच्याकडं?”

हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. ग्रंथातली भाषा तिथे चालणार नव्हती. मी चाचरत सांगितलं की तो राजाघरचा होता, पण आजार, म्हातारपण आणि मरण कुणालाच चुकत नाही हे त्याला सहन होईना. खूप शोधून त्याला कळलं की दुःख सगळ्यांनाच आहे. आपण माणसाला, वस्तूला घट्ट धरतो, हे असंच राहावं म्हणतो, म्हणून ते जास्त जाळतं. नीट वागलं, मन सांभाळलं, तर तो जाळ शांत होतो.

मावशींनी आयसीयूच्या दाराकडे बोट केलं. “धरू न्हाई म्हंजे काय? आत माझा नवरा हाय.”

“मलाही नाही जमत, मावशी.”

“मंग दोघी बी नापास,” त्या म्हणाल्या आणि त्यांची वाकळ माझ्या पायांवर ओढली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सिस्टरने मावशींना आत बोलावलं. त्या बाहेर आल्या तेव्हा मालक गेले होते. मुलगा अजून वाटेवर होता. मावशी भिंतीला टेकून बसल्या. रडल्या नाहीत. मी त्यांचा हात धरला, कारण दुसरं काय करावं ते मला सुचेना.

थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, “तुमचं ते म्हन, डोळे मिटून पुटपुटतीस ते.”

“मावशी, पण तुमच्यात…”

“म्हन गं. आता मागायचं काय ऱ्हायलंय?”

मी म्हणायला लागले. पहिल्यांदा शरण म्हटलं, दुसऱ्यांदा म्हटलं, तिसऱ्यांदा म्हटलं. मध्ये काही आलं नाही. काचेपलीकडे आई होती आणि ती वाचावी असं मला वाटतच होतं, पण ते वाटणं त्या शब्दांच्या आड आलं नाही. वंदना पूर्ण झाली. मावशींनी हात जोडले आणि मग त्या रडल्या.

त्याच दुपारी आईची तब्येत सुधारली असं लिहिता आलं असतं तर वाचायला बरं वाटलं असतं. तसं झालं नाही. आई त्यानंतरही बरेच दिवस आत होती. हळूहळू लघवी सुरू झाली, डायलिसिस बंद झालं. ती औषधाने आणि डॉक्टरांच्या कष्टाने वाचली. याला मी कृपा म्हटलं, तर मग मावशींच्या वाट्याला काय आलं, हे मला सांगता यायला हवं. ते येत नाही. मला जे मिळालं ते एवढंच की स्वतःचं सगळं गेलं त्या दुपारी एका बाईने माझी अर्धी राहिलेली वंदना माझ्याकडून पुरी करून घेतली. काही मिळावं म्हणून शरण जायचं नसतं, हे मला तेव्हा समजलं. निदान तेवढ्या वेळापुरतं तरी.

आश्विन पौर्णिमेला वर्षावासाची सांगता झाली. आई भिंतीला टेकून विहारात बसली होती. तिने दोन मेणबत्त्या लावायला सांगितल्या, एक तिने कधी न पाहिलेल्या मावशींच्या मालकांसाठी. मी मावशींना फोन करून हे कळवलं.

“लावली व्हय?” त्या म्हणाल्या. “बरं झालं. हिकडं मी बी रोज तुझ्या आईच्या नावानं दिवा लावतीय. तुमच्यात चालंल का?”

मी म्हटलं, चालेल.

त्या संध्याकाळी मी सारनाथचा भाग पुन्हा वाचला. ‘दुःख आहे’ या शब्दांपाशी मी अडखळले. सगळे थांबून राहिले, कुणी पुढचं सांगितलं नाही. मग मी वाचलं.