पुलाच्या वर

अक्षर वाईट आहे, त्याची आधीच माफी मागते. चौथीनंतर हातात पेन आलं ते सह्या करायला आणि वाण्याची यादी लिहायला. पहिली वेलांटी कुठे आणि दुसरी कुठे, हे मला अजून नीट कळत नाही. चुकलं असेल तिथे वाचणाऱ्याने आपल्या मनाने सुधारून घ्यावं. वाचणारं तसं कुणी नाही. ही वही मी पिठाच्या डब्यामागे ठेवते. पण मे महिन्यात जे झालं ते मला कुणाला सरळ सांगता आलं नाही. चार माणसांत बोलायला मला जमत नाही. म्हणून लिहिते.

आम्ही सालवडला राहतो. नवरा कंपनीत ठेकेदाराकडे कामाला आहे. मी बोईसरच्या एका हायस्कूलमध्ये मुलांची खिचडी शिजवते. उन्हाळ्याच्या सुट्टीत ते काम बंद असतं आणि पगारही नसतो. या वर्षी मात्र सुट्टीत त्याच शाळेत भूगोलाच्या शिक्षकांचं दहा दिवसांचं प्रशिक्षण ठेवलं होतं. चाळीस शिक्षक होते, कुणी डहाणूकडून, कुणी पालघरहून, कुणी तारापूरच्या बाजूने. त्यांचं दुपारचं जेवण आमच्या बचत गटाला मिळालं.

शिक्षक खूश नव्हते. मी चहा घेऊन गेले की कानावर पडायचं. एक जाडे सर रोज म्हणायचे, "मुलं आंबे खातायत आणि आपण बाकावर." दुसरे म्हणायचे, "हळू बोला, नाहीतर बाकावर उभं करतील." पण तास सुरू झाला की सगळे गप्प लिहीत बसायचे. नकाशा कसा वाचायचा, डोंगराची उंची कागदावर कशी दाखवायची, मोबाइलमध्ये गाव कसं शोधायचं, असं शिकवणं चालायचं. शिकवणारे मार्गदर्शक सर पुण्याकडचे होते. उंच, सावळे, आवाज मऊ. मी खिडकीखाली कांदे चिरत ऐकायची.

बिल प्रशिक्षण संपल्यावर मिळणार होतं. त्यामुळे धान्य, तेल, गॅस, सगळं आधी आपल्या पदरचं. गटाच्या खात्यात वीस हजार होते, ते उचलून माझ्या नावावर कर्ज म्हणून लावले. त्या पैशांवर आधीच एकीचा हक्क होता. आमच्या चाळीत एक बाई राहते, नवरा वारलेला, कंपनीत पॅकिंगला जाते. तिची मुलगी बारावी पास झाली होती आणि नर्सिंगला प्रवेश घ्यायचा होता. जूनच्या शेवटी फी भरायची, आणि तिने गटाकडे कर्ज मागून ठेवलं होतं. गटाच्या अध्यक्षबाईंनी समजूत काढली की आधी प्रशिक्षणाचं काम करू, बिल आलं की जूनमध्ये तुला देऊ. बैठकीतून बाहेर पडताना ती बाई मला म्हणाली, "तुज्यावर सोडलाय. माज्या पोरीचा पैसा हाय तो."

सहा दिवस सगळं नीट झालं. सातव्या दिवशी क्षेत्रभेट होती. शिक्षकांनी बसने मासवणच्या बाजूला जायचं, चालत फिरून तिथला नकाशा काढायचा आणि दुपारी साडेबाराला झाडाखाली जेवायचं. जेवण आम्ही टेंपोने न्यायचं.

आदल्या दिवशी मार्गदर्शक सरांनी मला ऑफिसात बोलावलं. टेबलावर एक मोठा कागद पसरला होता. सर म्हणाले, "हा पूल. पुलाच्या वर एक किलोमीटर. मोठं आंब्याचं झाड आहे, तिथे जेवण. कळलं ना ताई?"

मी म्हणाले, "हो."

कागद मला उलटाच दिसत होता, कारण मी टेबलाच्या पलीकडे उभी होते. पण तो मला कळतो की नाही, हे सांगायची लाज वाटली. आणि खरं सांगायचं तर विचारायची गरजच वाटली नाही. मासवणच्या अलीकडे एक पाडा आहे, ते माझं माहेर. तो पूल, त्याखालचा ओहोळ, ओहोळाच्या वरच्या अंगाचा आंबा, सगळं माझ्या पायाखालचं. लहानपणी त्याच आंब्याखाली आम्ही लाकडाच्या मोळ्या टेकवायचो. माहेरची वाट कोण विचारतं?

सकाळी चारला उठून मी आणि माझ्या धाकट्या जावेने भात, वरण, बटाट्याची भाजी, दीडशे चपात्या आणि मठ्ठा केला. टेंपोत पातेली चढवताना जाऊ म्हणाली, "वयनी, नीट इचारलंस ना कुठं ते?"

"माझ्या माह्यारला तू मला वाट दाखवनार?" मी म्हणाले. ती हसली. मीही हसले.

पूल आला तेव्हा मी टेंपोवाल्याला उजवीकडे कच्च्या रस्त्याला वळायला लावलं. रस्ता ओहोळाच्या काठाने डोंगराकडे चढतो. एक किलोमीटरवर माझा आंबा उभा होता. खाली कुणी नव्हतं. मोबाइलवर सव्वाबारा झाले होते. म्हटलं, चालत येताहेत, येतील.

साडेबारा झाले. पाऊण झाला. जावेने चपात्यांवर ओलं फडकं घातलं. ओहोळात पाणी नव्हतं, नुसते पांढरे दगड. टेंपोवाला उत्तर भारतातला होता, त्याला दोन वाजता एमआयडीसीत दुसरं भाडं होतं. तो दर पाच मिनिटांनी मोबाइल बघायचा. मोबाइलला रेंज नव्हती, ना त्याच्या, ना आमच्या. डोंगराच्या आड ती जागा.

एक वाजता तो म्हणाला, "चाची, कोई नहीं आनेवाला. गलत जगह है."

मी म्हणाले, जागा बरोबर आहे. ओहोळाच्या खालच्या अंगाला पायवाट आहे, तिकडून येत असतील. मग जावेला पातेल्यांजवळ ठेवून मी पायवाटेने खाली पाहून आले. कुणी नाही. परत चढून आले तर टेंपोवाला गाडीत बसला होता आणि जाऊ गाडीसमोर उभी होती. ती त्याला जाऊ देत नव्हती. तिला हिंदी येत नाही, तरी मोठ्यामोठ्याने हिंदी बोलत होती.

दीड वाजता मी भाजीचं झाकण उघडलं. वास अजून ठीक होता. मठ्ठ्याचा नव्हता.

तेव्हा पहिल्यांदा मला नीट जाणवलं. चाळीस माणसं उन्हात उपाशी आहेत आणि कुठे आहेत ते मला माहीत नाही. मी डोंगराच्या बाजूने वर चढले. साडीचा काठ काट्यात फाटला. अर्ध्या टेकडीवर मोबाइल थरथरला आणि थरथरतच राहिला. शाळेच्या शिपायाचे अकरा फोन येऊन गेले होते. मी लावला. तो ओरडला नाही, उलट हळू आवाजात बोलला. सगळे पुलाच्या पलीकडे, डांबरी रस्त्यावर पुढे, एका आंब्याखाली बसलेत. एका बाईंना साखरेचा त्रास आहे, त्यांना चक्कर आली. लवकर या.

पलीकडे. डांबरी रस्त्यावर. मला काही उलगडेना. ते वर नव्हतंच. ते तर नुसतं पुढे होतं.

आम्ही पोचलो तेव्हा अडीच वाजायला आले होते. त्या बाई बसमध्ये सीटवर आडव्या होत्या, चेहरा राखेसारखा. कुणीतरी गोळ्या-चॉकलेटं दिली होती, त्यामुळे शुद्धीवर होत्या. मी त्यांना आधी भात वाढला. त्यांना चमचा धरवेना, म्हणून मी दोन घास भरवले. बाकीच्यांनी वरण-भात खाल्ला. भाजी एकाने हुंगली आणि बाजूला ठेवली, मग सगळ्यांनीच ठेवली.

शिक्षण खात्याच्या ऑफिसचे एक साहेब सोबत होते. ते मला ऐकू जाईल असं मार्गदर्शक सरांना म्हणाले, "माणूस मेला असता म्हणजे? हिचं बिल अडवा. लेखी खुलासा देऊ दे, मग बघू."

टेंपोत परतताना जाऊ उरलेल्या चपात्या मोजत होती.

संध्याकाळी ती पॅकिंगवाली बाई दारात आली. बातमी आधीच पोचली होती. ती आत आली नाही, उंबऱ्यावरच टेकली. म्हणाली, "मला एवडंच सांग. येनार का नाय येनार?"

मी म्हणाले, माहीत नाही.

"माहीत नाय," ती म्हणाली. तेच पुन्हा एकदा म्हणाली आणि उठून गेली.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाक जावेवर सोडून मी शाळेच्या व्हरांड्यात बाकावर बसले. समोर कोरा कागद. खुलासा म्हणजे काय ते शिपायाला विचारलं. तो म्हणाला, काय झालं ते लिही आणि शेवटी माफी माग. माफी लिहायला सोपी होती. काय झालं तेच लिहिता येईना. कारण माझ्या मते मी चुकलेच नव्हते. सर वर म्हणाले आणि मी वर गेले. तासभर मी तेच घोकत होते. आत वर्गात सर फळ्यावर नकाशा लावत होते आणि सांगत होते की नकाशात वर नेहमी उत्तर असते.

मी पेन धरून तशीच बसले. मग लिहिलं. जे लिहिलं ते मला पाठ आहे. "आमच्याकडे वर म्हणजे डोंगराकडे. खाली म्हणजे दर्याकडे. उत्तर आमच्याकडे वर नाही, ती बाजूला आहे. सरांनी पुलाच्या वर सांगितले. म्हणून मी ओहोळाने वर गेले. मला कागद कळला नव्हता आणि मी कळला म्हणाले. ही माझी चूक आहे."

कागद सरांच्या हातात दिला आणि मी निघाले. सरांनी थांबवलं. त्यांनी तो वाचला, पुन्हा वाचला आणि मला न विचारता वर्गासमोर मोठ्याने वाचला. मला वाटलं, जमीन फाटावी. तारापूरकडचे एक शिक्षक मागून म्हणाले, "बरोबर आहे. आमची आईपण बाजाराला वर जाते आणि होडीकडं खाली. उत्तर-दक्षिण तिला अजून माहीत नाय." कुणी हसलं. मग दुसरे एक म्हणाले की मुलं नकाशात का चुकतात ते आज कळलं. मग सगळे एकदम बोलायला लागले. प्रत्येकाच्या गावाचं वर वेगळं निघालं. साखरेच्या त्रासाच्या बाई पहिल्या बाकावर होत्या. त्या म्हणाल्या, "सर, वर हा शब्द तुम्ही वापरलात. तिने नाही."

सरांनी खिशातलं पेन काढलं. मग माझ्या खुलाशाखाली त्यांनी दोन ओळी लिहिल्या, की दिशा मी चुकीच्या शब्दात सांगितली, जबाबदारी माझी आहे. आणि सही केली. एवढ्या शिकलेल्या माणसाने माझ्या वेड्यावाकड्या अक्षराखाली सही केलेली मी पहिल्यांदा पाहिली. पण मला म्हणाले ते एवढंच, "पुढच्या वेळी कळलं नाही तर नाही म्हणायचं, ताई."

सहीने सगळं सुटलं असं झालं नाही. साहेबांनी त्या दिवसाचे पैसे कापले आणि बाकीचं बिल दोन तुकड्यांत देऊ म्हणाले. जूनभर मी शाळेच्या ऑफिसच्या दारात उभी राहिले. आधी नुसती उभीच राहायची. मग आपण होऊन विचारायला लागले. क्लार्क म्हणायचे, आज नाही. मी म्हणायची, मग कधी, तारीख सांगा. माझा आवाज मलाच परका वाटायचा. फी भरायच्या तीन दिवस आधी पहिला तुकडा आला. तो तसाच्या तसा अध्यक्षबाईंनी त्या बाईला दिला. मुलीचा प्रवेश झाला.

दुसरा तुकडा गणपतीनंतर आला. वाण्याचे, गॅसचे आणि टेंपोचे देऊन गटाचे अठराशे कमी पडले. ते माझ्यावर राहिले. सालवडला कंपनीतली मुलं खोल्या घेऊन राहतात. त्यांना मी संध्याकाळी भाकऱ्या करून द्यायला लागले, जाऊ पीठ मळून द्यायची. दर आठवड्याच्या बैठकीला मी दोनशे-तीनशे भरायची. कार्तिकातल्या बैठकीत शेवटचे दीडशे ठेवले. पॅकिंगवाली बाई माझ्या शेजारी बसली होती. नोटा तिने उचलल्या, एकदा मोजल्या आणि अध्यक्षबाईंकडे दिल्या. अध्यक्षबाईंनी वहीत माझ्या नावापुढे रेघ मारली आणि मोठ्याने वाचलं, "वीस हजार, पूर्ण फेड."