अपघाताविना त्र्याण्णव दिवस

सिल्वासाच्या त्या कारखान्यात फाटकातून आत शिरलं की उजव्या हाताला एक फळा होता. वर रंगानं लिहिलेलं, 'अपघाताविना दिवस', आणि खाली खडूनं रोज, रविवारची सुट्टी सोडून, बदलणारा आकडा. तो फळा माझ्या सांगण्यावरून लागला होता.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी पीएच.डी. करत होते. स्वतःचं भलं कशात आहे हे ठाऊक असूनही माणसं उलटं का वागतात, हा माझा विषय. आज त्याला वर्तनवादी अर्थशास्त्र म्हणतात. तेव्हा माझ्या विभागात तो नीट कुठे बसतच नव्हता. तरी माझ्या मार्गदर्शक सरांनी मला घेतलं, याबद्दल मी आजही कृतज्ञ आहे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं.

कारखान्यात मला शिरकाव मिळाला तो काकांमुळे. ते माझे सख्खे काका नव्हेत. ऐंशीच्या सुमारास इथे कारखाने उभे राहू लागले तेव्हा वडील आणि ते खानदेशातून एकाच गाडीनं आले, आणि जवळच्याच अथाल गावी एका खोलीत राहिले. शाळेत असताना मला गणितं करायला ते कारखान्यातले एका बाजूनं कोरे कागद आणून देत. आता तेच पुण्याच्या मॅनेजरसाहेबांपुढे उभे राहून म्हणाले, "आमची पोरगी शिकतेय साहेब. तिला काय पाह्यचं ते पाहू द्या."

काका प्रेसवर होते. पत्रा साच्यात ठेवायचा, दोन्ही हातांनी दोन बटणं दाबायची, मग प्रेस खाली येणार. हात वाचावेत म्हणूनच दोन बटणं. पण बहुतेक जण एका बटणात लाकडाची पाचर ठोकून ठेवत. एक हात मोकळा राहिला की काम भराभर उरकतं. बोटं जातात हे सगळ्यांना माहीत होतं. मी एकेकाला विचारलं, प्रत्येकानं तेच सांगितलं आणि पुन्हा पाचर ठोकली.

म्हणून मी फळा सुचवला. खात्यात कुणालाही दवाखान्यात न्यावं लागलं की आकडा शून्यावर. शंभर दिवस भरले तर सगळ्या खात्याला साहेबांकडून जिलेबी-फाफडा. शेजारच्याची नजर आपल्यावर आहे म्हटल्यावर माणूस जपून वागेल, असा माझा हिशेब.

"ही आमची डॉक्टरीण," काका सगळ्यांना सांगत. "सुई टोचत नाही, नुसते प्रश्न टोचते."

"काका, तुमच्या डॉक्टरणीला सांगा, जिलेबी पन्नासला द्या," कुणीतरी ओरडलं.

"गप रे! शंभर म्हणजे शंभर."

पाचरी खरंच नाहीशा झाल्या. मी दर शनिवारी जायची, आधी फळा पाहायची, मग वहीत नोंदी. आकडा सत्त्याऐंशी होता त्या शनिवारी काकांच्या डाव्या हातात सुती मोजा दिसला.

"हाताला काय झालं, काका?"

"काही नाही माय. घाम येतो, पत्रा सटकतो."

मी वहीत लिहिलं : हातमोज्यांचा वापर सुरू. पुढे बरोबरची खूणही केली. ते पान माझ्याजवळ आहे.

पुढच्या शनिवारी फळ्यावर त्र्याण्णव होतं आणि काकांच्या प्रेसवर दुसरा माणूस. "गावाला गेलेत," खात्यातले म्हणाले, सगळे जण जवळजवळ एकाच वेळी. मी निघाले तेव्हा एक जण फाटकापर्यंत मागे आला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "सरकारी दवाखान्यात जाऊन या, ताई."

काकांची डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट कापून टाकलं होतं. प्रेसमुळे नाही. पत्र्याची कड लागून तळवा चिरला होता, दहा-बारा दिवसांपूर्वी. चार टाके आणि एक इंजेक्शन, एवढंच लागलं असतं. त्यांनी हळद भरली, चिंधी बांधली, वर मोजा चढवला, आणि आत जखम चिघळत गेली. जड पत्रे दुसरे उचलून देत होते. खात्यात सगळ्यांना माहीत होतं.

मी खाटेजवळ उभी राहिले. "जिलेबीसाठी, काका?"

ते हसले. तापानं ओठ फुटले होते. "जिलेबी काय, नाक्यावर मिळते. पोरं म्हणतच होती, जा दवाखान्यात. मीच दम दिला त्यांना. आकडा पुसला तर पोरगी नापास होईल, म्हटलं."

"नापास?"

"शंभर लागत होते ना तुला? त्र्याण्णव झाले. त्र्याण्णवपण चांगलेच गं. तुझ्या सरांना सांग, सात राहिले ते माझ्यामुळे."

मला शंभर नको होते. आकडा शून्यावर आला असता तरी ती माझ्या कामाची नोंदच झाली असती. माझ्या अभ्यासात पास-नापास नव्हतंच. हे मला इतकं उघड वाटत होतं की कुणाला सांगायचं सुचलंच नाही. शंभर म्हटल्यावर माझ्या माणसांच्या डोळ्यांपुढे शाळेची गुणपत्रिका येणार, हे खरं तर माझ्याइतकं कुणाला कळायला हवं होतं?

आजही शनिवारी तो आकडा डोळ्यांपुढे येतो, माझ्याच मोत्यांसारख्या अक्षरांतली ती नोंदही. काका पुन्हा प्रेसवर गेले नाहीत.

सरांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "हे लिहावं लागेल." मी लिहिलं. खात्यात कितीतरी लहानसहान जखमा लपवल्या गेल्या होत्या, त्या मी एकेकाकडून विचारून घेतल्या आणि लपवण्याच्या कारणांचा तक्ता केला : सोबत्यांचा राग, साहेबांची भीती, जिलेबी. काकांचं कारण कुठल्याच रकान्यात बसेना. वेगळा रकाना केला असता तर त्यात माझंच नाव लिहावं लागलं असतं. मी तळाशी 'अन्य' असा रकाना केला आणि त्यात 'एक' हा आकडा लिहिला.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं त्याच रकान्यावर बोट ठेवलं.

"हे अन्य म्हणजे काय?"

सर माझ्याकडे पाहत होते. बाहेरच्या बाकावर वडील इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते.

"एकच नोंद आहे, सर," मी म्हणाले. "किरकोळ."

"ठीक," परीक्षक म्हणाले आणि त्यांनी पान उलटलं.