मोहरीच्या माना

डार्करूममध्ये शिरण्याआधी मामा मनगटावरचं घड्याळ काढून बाहेरच्या खिळ्याला अडकवत. त्याच्या काट्यांना रेडियम होतं. "एवढासा उजेडबी रोपास्नी कळतो, बाई," असं बजावून मलाही घड्याळ काढायला लावत. माझ्या घड्याळाला रेडियम नव्हतं, तरी!

नव्वदच्या दशकात मी सांगलीच्या एका कॉलेजात संशोधन करत होते. अंधारात वाढलेल्या रोपावर प्रकाश पडला, की त्याच्या पेशींच्या केंद्रकातली प्रथिनं कशी बदलतात, हा माझा विषय. मामा आमच्या प्रयोगशाळेचे शिपाई, कुंडलहून एसटीनं येणारे. मी एकदा केंद्रकाचं चित्र काढून दाखवलं, तर कागद उलटा धरून म्हणाले, "लय बेस!" मी खूप हसले.

खोलीत मोहरीची रोपं असत. पिवळट, लांबलचक, माना खाली घातलेली. मिट्ट अंधारात मामा त्यांना बोटांनी चाचपून पाणी देत. पडद्याआडून आवाज येई, "गप ऱ्हावा गड्यांनो, दिस उगावला न्हाई अजून." खोटं कशाला सांगू, मला त्या खोलीची भीती वाटे.

त्या वर्षी कॉलेजातल्या शिपायांच्या डोळ्यांची तपासणी निघाली. नापास होईल त्याला घरी बसवणार, अशी कुजबुज होती. मामांची तीन वर्षं उरली होती. दोनदा त्यांनी तपासणी चुकवली. "मला हितनं हलवू देऊ नका, बाई," एवढंच म्हणाले. त्यांच्यावाचून माझं अडतं, असं मी विभागाच्या साहेबांना सांगितलं. ते खरंच होतं.

एका सकाळी मी पडदा सारला आणि जागीच थिजले. आत बल्ब जळत होता. आदल्या संध्याकाळी पडलेला चिमटा शोधायला मीच तो लावला होता आणि विसरले होते. त्या लख्ख उजेडात मामा डोळे सताड उघडे ठेवून रोपांवरून बोटं फिरवत होते. रोपं हिरवी झाली होती.

चाहूल लागताच ते वळले. माझ्याकडे नाही, शेजारच्या भिंतीकडे.

"घात झाला, बाई. माना सरळ झाल्यात ह्यांच्या. कुणीतरी उजेड आणला व्हता आत."

मी जळत्या बल्बकडे पाहिलं.

"आता तर अंधारच हाय न्हवं?"

"हो, मामा," मी म्हणाले.

त्यांनी हळूच हात वर केला. तळवा लोंबत्या बल्बपाशी थांबला, आणि त्या धगीशी बराच वेळ तसाच राहिला.

"व्हय," ते म्हणाले. "अंधारच हाय."

माझ्यावर खोटं बोलायची पाळी आली, हे त्यांना सोसलं नसावं. त्याच दुपारी ते भिंतीला हात लावत, आपणहून डोळे तपासायला गेले. कॉलेजात पुन्हा दिसले नाहीत.